मासा तळ कधी सोडतो?

नॅनोकण म्हणजे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराचा कण. त्याचा विषारीपणा जोखायची रूढ रीत म्हणजे 96 तासांत किती मासे मेले ते मोजणे. पण मरण ही फार उशिराची खूण. वागणूक त्याआधीच बिघडू शकते. भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतला, बोटभरही नसलेला झेब्रा मासा नव्या टाकीत सोडला की आधी तळ धरतो, मग हळूहळू वर येतो. किती वेळाने, ते कॅमेरा टिपतो; ही वेळ बदलली तर वागणूक बिघडल्याची खूण.

मोज्यांतली नॅनोचांदी, म्हणजे चांदीचे नॅनोकण, धुण्याच्या पाण्यातून ओढ्यात पोहोचू शकतात. या कणांतून चांदीचे आयनही, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात. म्हणून माशांच्या या चाचणीत विरघळलेल्या चांदीची वेगळी टाकी हवीच. नाहीतर दोष कणाचा की आयनाचा, हे ठरत नाही.