ऑपरेशनची तारीख ठरली. आता घराने काय करावे?

तपासणीच्या कागदावर कर्करोग असे लिहून आले की घरात दोन-तीन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नाही. जनावरांना वैरण पडते, रानातली कामे चालतात. पण बाईपाशी कुणी बसत नाही. मैंदर्गीसारख्या गावात तर लेकीच्या सोयरिकीला अडचण येईल म्हणून बातमी दडवली जाते. वाचकहो, हा रोग शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने लागत नाही. तेव्हा लपवू नका. निदान दोन घरच्या माणसांना विश्वासात घ्या: एक दवाखान्यात बरोबर राहील, दुसरे घर आणि धारा सांभाळील. आपल्याकडे पुष्कळ घरांत कानडी बोलतात. बाईला मराठी अवघड जात असेल तर दोन्ही भाषा जाणणारे माणूस न्या आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून न्या.

चाकू लागला की गाठ पसरते, असे पारावर हमखास ऐकू येते. खरी गोष्ट अशी की माणसे उशिरा जातात, तोवर रोग पसरलेला असतो, आणि दोष मात्र ऑपरेशनवर येतो. लवकर गेल्याने काय होते ते आपल्याच जिल्ह्यात बार्शीला दिसले आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयातून १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांना लक्षणे समजावू लागले. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एका तपासणीने जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे नाव सर्वांना ठाऊक असते. बार्शी जवळ आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

पैशाचे काय? सावकाराकडे जाण्याआधी आरोग्यमित्राकडे जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात हा माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भरती होण्याआधीच त्याला भेटा. कर्करोगाच्या रुग्णाला व सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे. तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा. मुंबईला जावेच लागले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णांच्या राहण्याची सोय होते. जागेची चौकशी आधी करा.

आता तयारी. मशेरी, तंबाखू, विडी आजच बंद. त्याने जखम भरायला वेळ लागतो आणि भुलीनंतर छातीत कफ साठतो. सकाळ-संध्याकाळ दीर्घ श्वास घेण्याचा सराव करा, जमेल तेवढे चाला. अंगात ताकद हवी: डाळ, दही, अंडी, भाकरीबरोबर शेंगाची चटणी, जे घरात आहे ते पोटभर. या दिवसांत बाईने उपास धरू नयेत. नवस बोललाच असेल तर उपास घरधन्याने करावा! साखरेच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि वैदूचा पाला, सारे डॉक्टरांना दाखवा; आपल्या मनाने काही थांबवू नका. ऑपरेशनआधी सांगितलेल्या वेळेपासून काही खाऊ नये, घोटभर चहासुद्धा नाही. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढाव्या लागतात. ऑपरेशनच्या खोलीत विजेचे उपकरण वापरतात, धातूमुळे भाजण्याचा धोका असतो. ऐन वेळी परक्या परिचारिकेने सांगितले की बाईचा धीर सुटतो. म्हणून आदल्या दिवशी सासूबाईंनी आपल्या हाताने ते काढून घ्यावे आणि कारणही सांगावे. अशुभ वगैरे त्यात काही नाही.

स्तनाचे ऑपरेशन असेल तर पुढून हुकांच्या दोन सैल चोळ्या आधीच शिवून ठेवा. हात वर करणे काही दिवस जमत नाही. हाताचे व्यायाम कधी सुरू करायचे, हे घरी सोडताना विचारून घ्या. घागर, धुणे आणि वैरणीचा भारा डॉक्टर हो म्हणेपर्यंत कुणी उचलायचा, तेही जाण्याआधीच जावा-नणंदांत ठरवून टाका.