सुलेमानियेचा न दिसणारा भार

इस्तंबूलमध्ये गोल्डन हॉर्न खाडीच्या काठच्या टेकडीवर सुलेमानिये मशीद उभी आहे. तिथे गेलं की वाटाडे आधी मिनार मोजायला लावतात. मिनार चार, कारण सुलेमान हा इस्तंबूल जिंकल्यानंतरचा चौथा सुलतान. त्यांवरचे सज्जे दहा, कारण उस्मानी घराण्यातला तो दहावा. हे ऐकून घ्यावं आणि सरळ मशिदीच्या बाजूच्या भिंतीपाशी जावं. वास्तुकार सिनानचं खरं कसब तिथे आहे.

१५५० ते १५५७ या काळात उभ्या राहिलेल्या या मशिदीचा घुमट सुमारे ५३ मीटर उंच आहे. चार प्रचंड खांबांवर तो पेललेला. पुढचा-मागचा रेटा दोन अर्धघुमट घेतात, पण बाजूंना अर्धघुमट नाहीत. हाच पेच हजार वर्षं आधी, ५३७ मध्ये पूर्ण झालेल्या, इस्तंबूलमधल्याच हागिया सोफिया या वास्तूतही होता. तिचा घुमट ५५८ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधावा लागला आणि पुढे शतकानुशतकं बाहेरून अवजड धिरे देत राहावं लागलं. त्यातले काही उतारवयात सिनाननेच दिले.

सुलेमानियेत मात्र धिरे चटकन दिसतच नाहीत. सिनानने ते अर्धे आत, अर्धे बाहेर असे भिंतीतच घेतले. आत त्यांच्यामध्ये सज्जे बसवले, बाहेर दुमजली कमानी. खाली रुंद पागोळीच्या सावलीत नळांची रांग आहे. नमाजाआधी माणसं तिथे बसून हातपाय धुतात. घुमटाचा रेटा त्यांच्या पाठीशीच जमिनीत उतरत असतो. भार लपवायचा, पण लपवलेली जागा वाया घालवायची नाही, ही सिनानची रीत मला त्या घुमटाहून मोठी वाटते.

आतल्या दिव्यांच्या काजळीबाबतही हेच. तेलाच्या असंख्य दिव्यांचा धूर हवेच्या ओढीने मुख्य दरवाजावरच्या खोलीकडे जाई. तिथे साठलेल्या काजळीची शाई होई. भिंतींवरची सुलेखनं काळवंडू नयेत आणि लेखनिकांना शाई मिळावी, दोन्ही कामं एका वाऱ्यात.

या कामाचे हिशेब टिकून आहेत, हे आपलं भाग्य. इतिहासकार ओमर लुत्फी बारकान यांनी मशिदीच्या बांधकामाच्या वह्या अभ्यासून १९७२ आणि १९७९ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. गवंडी, पाथरवट, सुतार, लोहार, त्यांची रोजंदारी, सामानाचा खर्च असं सगळं त्यांत आहे. सुलतानाच्या मशिदीवर राबलेल्या कारागिरांपैकी जवळपास निम्मे ख्रिस्ती होते आणि बहुतेक मजूर मजुरी घेणारे होते. गुलामांचा वाटा अगदी थोडा. गुलामांच्या फौजांनी उभारलेल्या साम्राज्याचं सोपं चित्र या वह्या मोडून टाकतात.

त्याच काळात उस्मानी मुलखातले कारागीर दख्खनमध्येही काम करत होते. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्या महंमद रूमीचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे. सुलेमानियेच्या गवंड्यांची नावं तशी दगडावर नाहीत. मशिदीच्या आवाराबाहेरच्या कोपऱ्यात सिनानची लहानशी कबर आहे, आत सुलेमान आणि त्याची पत्नी हुर्रम यांचे घुमटदार मकबरे आहेत. गवंड्यांसाठी मात्र बारकानांचे खंडच उघडावे लागतात, आणि मशीद पाहायला जाण्याआधी ते चाळले तर त्या बाजूच्या भिंतीपाशी पाय आपोआप जास्त वेळ थांबतात.