एक चार्जर, दोन बॅटऱ्या: जोडकेबल नीट कशी वापरावी

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारल्या जातात. इंजिन थांबते आणि त्याच्याबरोबर बॅटरी भरणारा अल्टरनेटरही थांबतो. पण शिशाच्या बॅटरीला काहीही जोडलेले नसले तरी ती आपोआप थोडी थोडी उतरत जाते, आणि हवा उष्ण असेल तर अधिक वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक थर धरतात. मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. महिनोन् महिने उभ्या असलेल्या पिकअपची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी अशीच खराब होते.

म्हणून घरात होडीची एक, गाडीची एक अशा दोन बॅटऱ्या आणि चार्जर मात्र एकच असला, की दुकानदार स्प्लिटर केबल सुचवतो. काही जण तिला वाय केबल म्हणतात. चार्जरकडून येणाऱ्या लाल-काळ्या वायरच्या जोडीला तिच्यात दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एका बॅटरीला लागतो. ही केबल स्वस्त आहे आणि उपयोगाचीही आहे. मात्र तिच्यात डोके नाही. ती वीज वाटते, पण कोणत्या बॅटरीला किती हवी हे तिला कळत नाही. ते पाहण्याचे काम आपल्याला आधीच करावे लागते. हे काम क्रमाने कसे करायचे ते पाहू.

आत काय घडते

केबल लावली की दोन्ही बॅटऱ्यांचे धन टोक धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला जोडले जाते. याला समांतर जोडणी म्हणतात. पाण्याच्या दोन टाक्या तळाशी पाइपाने जोडल्या तर दोन्हींतली पातळी एक होते, तसेच इथे दोन्हींचा व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, एक होतो. चार्जरला दोन बॅटऱ्या दिसत नाहीत. त्याला एकच मोठी बॅटरी दिसते.

यातून दोन गोष्टी होतात. एक, चार्जर ‘भरली’ असे दाखवतो ते दोन्हींचे मिळून असते. त्यातली एक आजारी असेल तरी त्याला ते समजत नाही. दोन, चार्जर बंद असला तरी बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. पावसाळ्यात वीज गेली की साध्या केबलवर कमकुवत बॅटरी चांगल्या बॅटरीतून वीज ओढत बसते.

पहिली पायरी: प्रकार एकच आहे ना?

बॅटरीवरचे लेबल वाचा. पाणी घालायची साधी बॅटरी, बंद एजीएम, जेल आणि लिथियम हे चार वेगळे प्रकार आहेत, आणि चार्ज होताना प्रत्येकाला लागणारा दाब वेगळा असतो. साध्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या आसपास दाब चालतो, जेलला त्याहून थोडा कमी लागतो. एका केबलवर दोन्हींना एकच दाब मिळतो, त्यामुळे एक उपाशी राहते किंवा दुसरी जास्त तापते. शिशाची आणि लिथियमची बॅटरी या केबलवर कधीही एकत्र लावू नका.

प्रकारासोबत आकार आणि वयही जुळायला हवे. क्षमता लेबलवर एएच, म्हणजे अँपिअर-अवर, या मापात लिहिलेली असते. १०० एएचच्या दोन साधारण एकाच वयाच्या बॅटऱ्या हा चांगला जोड. १०० एएचच्या शेजारी स्कूटरची ५ एएचची बॅटरी लावू नका. मोठीतून छोटीकडे तिला न पेलवणारा प्रवाह जाऊ शकतो.

दुसरी पायरी: मल्टिमीटरने मोजा

मल्टिमीटर हे व्होल्टेज मोजण्याचे छोटे यंत्र आहे. बॅटरी चार्जिंगवरून किंवा वापरातून काढल्यावर काही तास शांत ठेवा आणि मगच मोजा. लगेच मोजले तर आकडा फुगलेला किंवा दबलेला येतो.

१२ व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव.

दोन्हींतला फरक ०.२ व्होल्टपर्यंत असेल तर जोडायला हरकत नाही. एक १२.७ वर आणि दुसरी ११.८ वर असेल तर मात्र थांबा. दोन्ही बॅटऱ्या आणि वायर यांचा मिळून विरोध ०.०३ ओहम धरला, तर ०.९ व्होल्टच्या फरकाने जोडता क्षणी ३० अँपिअर प्रवाह एकीतून दुसरीत धावेल. बारीक वायर त्याने चटकन तापते. अशा वेळी उतरलेली बॅटरी आधी एकटीच चार्ज करा आणि पातळी जुळल्यावर जोडा.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा: १०.५ व्होल्ट. बॅटरीत सहा खाने असतात आणि भरलेला प्रत्येक खाना सुमारे २.१ व्होल्ट देतो. रात्रभर एकटी चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या जवळच अडकून राहिली, तर बहुधा तिचा एक खाना गेलेला आहे. ती चांगल्या बॅटरीला जोडली तर चांगलीलाही खाली ओढते, चार्जर कधी थांबत नाही आणि दोन्ही गरम होतात.

तिसरी पायरी: २४ व्होल्टची पट्टी सोडवा

सगळ्यात घातक चूक इथे होते. मोठ्या नौकांवर आणि ट्रकवर स्टार्टरसाठी अनेकदा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. याला सीरिज, म्हणजे एकसर, जोडणी म्हणतात. त्यात एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जाड पट्टीने किंवा केबलने बांधलेले असते.

ती पट्टी तशीच ठेवून स्प्लिटर लावला, तर दोन्ही बॅटऱ्यांची धन आणि ऋण टोके थेट एकमेकांना भिडतात. हा सरळ शॉर्टसर्किट. ठिणग्या उडतात, वायर वितळते, बॅटरी फुटूही शकते. म्हणून नौकेवर किंवा ट्रकवर काम करताना आधी मधली पट्टी सोडवा आणि दोन्ही बॅटऱ्या पूर्ण सुट्या झाल्याची खात्री करा.

चौथी पायरी: चार्जरचा हिशेब

शिशाच्या बॅटरीला तिच्या एएचच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा प्रवाह मानवतो. १०० एएचला १० अँपिअर. १० अँपिअरच्या चार्जरवर अशा दोन बॅटऱ्या लावल्या तर प्रत्येकीला साधारण ५ अँपिअर मिळतात. नुकसान काही नाही, फक्त वेळ वाढतो.

दोन्ही निम्म्या उतरल्या असतील तर एकूण १०० एएच परत भरायचे आहे. सरळ भागाकाराने १० तास येतात. पण शेवटच्या टप्प्यात बॅटरी हळू घेते आणि थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून १२ ते १५ तास धरा. चार्जरच्या पुस्तिकेत किती एएचपर्यंत चालतो ते दिलेले असते. तिथे दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज, म्हणजे २०० एएच, बसायला हवी.

पाचवी पायरी: वायर आणि फ्यूज

बारीक आणि लांब वायरीत दाब वाटेतच घटतो. ३ मीटर लांबीची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली, तर जाऊन-येऊन ६ मीटर तांबे होते. १० अँपिअरला त्यात सुमारे ०.४ व्होल्ट घटतात. तेच ६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.२ पेक्षा कमी. घट जास्त असली की चार्जरला बॅटरी खरी आहे त्यापेक्षा जास्त भरलेली भासते आणि तो लवकर हात आखडता घेतो.

म्हणून फाटा फुटण्याआधीची वायर जाड असावी आणि दोन्ही फाटे आखूड व एकाच लांबीचे असावेत. एक फाटा लांब असला तर त्या बाजूच्या बॅटरीला कमी वीज मिळते.

प्रत्येक फाट्याच्या लाल वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात, फ्यूज हवा. अडीचच्या वायरला १५ अँपिअरचा निळा ब्लेड फ्यूज बसवा. चार्जरच्या बाजूला एकच फ्यूज असणे पुरेसे नाही, कारण बॅटरीतून बॅटरीत जाणारा प्रवाह त्या वाटेने जातच नाही. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त केबलींत फाट्यावरचे फ्यूज नसतात. घेताना आधी तेच पाहा.

दोन पिनांचे प्लग असतील तर रंगावर विसंबू नका. धन कुठे आणि ऋण कुठे ते मल्टिमीटरने तपासा. होडीसाठी केबल घेत असाल तर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची मागा. खाऱ्या हवेत साधे तांबे आतून हिरवे पडते.

सहावी पायरी: जोडण्याचा क्रम

जागा मोकळ्या हवेची पण पावसापासून आडोशाची निवडा. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बंद खोली, स्वयंपाकघर आणि देव्हाऱ्याजवळची जागा टाळा. होडी पाण्यात किंवा जेटीवर असेल तर बॅटरी घरी आणणेच बरे. १०० एएचची बॅटरी २५ ते ३० किलो भरते, तेव्हा दोघांनी उचला आणि आडवी करू नका.

टर्मिनलवर पांढरा-निळसर थर असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याने धुवा, मात्र झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. नंतर टर्मिनल कोरडे करा. पाणी घालायच्या बॅटरीत प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर करा. आधीच काठोकाठ भरले तर चार्ज होताना अ‍ॅसिड बाहेर येते.

चार्जरचे बटण बंद ठेवा. आधी दोन्ही लाल चिमटे लावा, मग दोन्ही काळे, आणि सगळ्यात शेवटी बटण सुरू करा. बॅटरी गाडीतच असेल तर काळा चिमटा बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर, गाडीच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला लावा. शेवटची ठिणगी उडालीच तर ती वायूपासून लांब उडते.

केबल लावलेली असताना गाडी किंवा इंजिन सुरू करू नका. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि शेजारची बॅटरी ते बारीक वायरीतून देऊ पाहते. याच कारणाने ही केबल जंपर केबल म्हणूनही वापरू नये.

सातवी पायरी: चार्ज होत असताना

पहिल्या तासाभरात दोन्ही बॅटऱ्यांच्या बाजूंना आणि वायरीला हात लावून पाहा. कोमट चालेल. एक गार आणि दुसरी गरम असेल, कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल किंवा बॅटरीची बाजू फुगली असेल, तर भिंतीवरचे बटण ताबडतोब बंद करा आणि बॅटरी गार होईपर्यंत तिला हात लावू नका.

वीज जाऊन आली तर चार्जर पुन्हा सुरू झाला का ते पाहा. काही चार्जर बटण दाबेपर्यंत थांबून राहतात. वीज बराच वेळ येणार नसेल तर एक फाटा सोडवून ठेवा.

आठवी पायरी: सोडवणे आणि तपासणे

आधी चार्जर बंद करा, मग काळे चिमटे, शेवटी लाल. दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करून रात्रभर ठेवा. टर्मिनलला थोडे व्हॅसलीन लावले तर खारी हवा लागत नाही. सकाळी प्रत्येकीचा व्होल्टेज वेगळा मोजा आणि चिकटपट्टीवर तारखेसह लिहून बॅटरीवरच लावा.

केबल कधी नको

प्रकार किंवा वय वेगळे असेल, किंवा बॅटऱ्या आठवडेच्या आठवडे चार्जरवर सोडून जायच्या असतील, तर दोन स्वतंत्र आउटपुटचा चार्जर घ्या. तो प्रत्येक बॅटरी वेगळी पाहतो. किंमत जास्त असली तरी एक नवी बॅटरी वाचली की ती वसूल होते.

डायोडचा आयसोलेटर हा आणखी एक मार्ग. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे एक बॅटरी दुसरीला खात नाही. पण साध्या डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट घटतात. चार्जरने दिलेले १४.४ बॅटरीपर्यंत १३.७ होऊन पोचतात आणि ती पूर्ण भरत नाही. शिवाय आधी बॅटरी चाचपून मगच सुरू होणाऱ्या स्मार्ट चार्जरला डायोडपलीकडची बॅटरी दिसतच नाही.

साधी केबल वापरणार असाल तर दर महिन्याला दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून मोजा. दोन्हींचे आकडे बरोबरीने उतरत असतील तर हा जोड चांगला चालला आहे. एकीचा आकडा दुसरीपेक्षा भराभर खाली येत असेल तर तिला केबलवरून कायमची वेगळी करा आणि बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करून घ्या. या चाचणीत बॅटरीवर मुद्दाम भार टाकून ती किती तग धरते ते पाहतात. चाचणीत नापास झालेली बॅटरी गाडीत राहिली तर आपण रस्त्यात अडकू. होडीत राहिली तर वायरलेस, जीपीएस आणि दिवे खोल समुद्रात एकाच वेळी बंद पडतील. म्हणून अशी बॅटरी होडीवर नेऊ नका, बदलून घ्या.