मनीचं स्वतःचं दार

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या दाराला अखेर मांजरासाठी झडप बसवली! सोलापूरचा उन्हाळा, दार उघडं टाकलं की डास, लावलं की पहाटे चारला मनीचं ओरबाडणं.

झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या उंचीला घ्या, उडी मारावी लागत नाही. आणि आत हात घालून कडी काढता येणार नाही इतकी झडप कडीपासून लांब हवी, नाहीतर चोराचीच सोय. पहिला आठवडा झडपेचं झाकण चिकटपट्टीने वर उचलून ठेवलं, पलीकडे सुकट. झालं काम.

ही युक्ती काही नवी नाही; इंग्लंडातल्या एक्सेटर कॅथेड्रलमध्ये घड्याळाखालच्या दाराला मांजरासाठी असं भोक सुमारे चारशे वर्षांपासून आहे, उंदरांच्या बंदोबस्ताला.

आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी शेजारचा बोका आत! तेव्हा आतून बंद करता येणारीच झडप घ्या.