वाईनचा घोट आणि महापालिकेचा अधिकार

नाशिकच्या आसपास द्राक्षांची वाईन होते. मग महापालिकेने आपल्या मैदानावर वाईन चाखण्याचा मेळा भरवावा, यात अडचण ती कसली, असे पुष्कळांना वाटते. मैदान तिचे, पाणी तिचे, झाडूवालेही तिचेच. पण पेला भरू देण्याचा अधिकार तिचा नव्हे, आणि आज आम्हांला एवढीच गोष्ट उलगडून सांगावयाची आहे.

मादक पेयांचा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे. आपल्याकडे त्यावर चालतो तो १९४९ चा दारूबंदी कायदा. गंमत अशी की, नाशिकची महापालिका ज्या कायद्याखाली चालते तोही १९४९ चाच. एकाच विधिमंडळाने एकाच वर्षी शहरांच्या हाती रस्ते, गटारे, मैदाने दिली आणि दारूच्या कुलपाची किल्ली मात्र सरकारच्या कमरेला ठेवली.

या दारूबंदी कायद्याची रीत उलटी आहे. इतर कायदे काही गोष्टी मना करतात व बाकीच्या मोकळ्या ठेवतात. हा आधी सारेच मना करतो : बनविणे, बाळगणे, नेणे, विकणे, विकत घेणे, इतकेच काय, पिणेही, आणि मग परवान्याने एकेक दार किलकिले करतो. म्हणून 'आम्ही विकत नाही, नुसती चव देतो' हा बचाव लंगडा पडतो. फुकटचा घोट झाला तरी तो पिणेच. वायनरीला स्वतःच्या आवारात चव देण्याची मुभा असली, तरी ती त्या आवारापुरती. बाटल्या शहरात आणावयाच्या तर वाहतुकीचा पास, मैदानासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना, आणि पिणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा परवाना. यांत कसूर झाली तर खटल्यात ओढला जाण्याची भीती पेला भरणाऱ्या पोरालाही असते, हे संयोजकांनी विसरू नये. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर याच कायद्याखाली दारूबंदी आहे. तेथे असा मेळा मनातच भरवावा!

मग महापालिकेकडे उरते काय? 'हो' म्हणणे नाही, पण 'नाही' म्हणणे नक्की उरते. मैदान द्यावे की न द्यावे, हे तिने ठरवावयाचे. मांडवाच्या अग्निसुरक्षेकडे तिचे अग्निशमन दल पाहते. गर्दीचा बंदोबस्त आणि करमणुकीची परवानगी पोलिसांकडे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. तेव्हा मेळ्यावर रागावलेल्या नागरिकाने नुसते नगरसेवकाचे दार ठोठावून भागत नाही. निम्मे कागद उत्पादन शुल्क अधीक्षकाच्या कचेरीत असतात.

एक बाब मात्र आम्हांला फार डाचते. मोटार चालविणाऱ्याच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सापडला की गुन्हा होतो. दहा ठिकाणी एकेक घोट घेणाऱ्याला आपण किती प्यालो याचा हिशेब राहत नाही. मैदान देतानाच परतीच्या बसगाड्यांची अट महापालिकेने घालावी. तेवढे तिच्या हाती आहे.