बांगडीचं माप आणि लेन्सचं झाकण

आपल्या जऊळक्यात कुणाच्या घरी जुन्या स्टुडिओचा लाकडी, भात्याचा कॅमेरा पडून असेल, तर भंगारात देण्याआधी त्याची लेन्स बघा. काच स्वच्छ असेल, तर तिला आजही मोल आहे. पण झाकण हरवलं की धूळ बसते, आपण ती पदरानं पुसतो आणि काचेवर चरे पडतात. म्हणून आधी झाकण शोधायचं.

दुकानात माप सांगावं लागतं. लेन्सवरचा १५० हा आकडा झाकणाचं माप नव्हे. ती फोकल लांबी. १५० ची निक्कॉर-डब्ल्यू ५२ मिलिमीटरचं झाकण घेते, तर १५० चीच सिम्मार-एस ५८ चं.

बांगडी आपण आतल्या व्यासावर घेतो. सव्वादोनची बांगडी म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. लेन्सचंही तसंच. पुढच्या कड्यात आटे असतील, तर आतला व्यास मोजा. आट्यांमुळे तो सुमारे पाऊण मिलिमीटर कमी भरतो. ५१.२ आलं, तर ५२ चं झाकण मागा. फिल्टरही त्याच मापाचा.

आटे नसतील, तर बाहेरून सरकवायचं झाकण लागतं. कड्याभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी ३.१४ नं भागा. बाहेरचा व्यास मिळेल. मागच्या झाकणाचंही माप असंच काढा.

जुन्या पितळी लेन्सला तर झाकण हेच शटर होतं! ते काढायचं, सेकंद मोजायचे, परत लावायचं. मग ते हरवून कसं चालेल?