झांझिबारचा बंगला: आधी समुद्र, मग घर

झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे, जांबियानी, मातेम्वे या गावांच्या कडेने माडाच्या झापांनी शाकारलेले खासगी बंगले आहेत. पोहण्याचा तलाव, दिमतीला स्वयंपाकी आणि समोर हिरवट निळे पाणी. असा अख्खा बंगला भाड्याने घेणारे बहुधा खोल्या मोजतात आणि फोटो पाहतात. त्याआधी पाहायला हवे ते भरती-ओहोटीचे वेळापत्रक.

उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे चार मीटरचा फरक पडतो. पूर्वेचा तळ उथळ, त्यामुळे ओहोटीला पाणी पार प्रवाळाच्या कठड्यापर्यंत, कुठे कुठे किलोमीटरभर मागे जाते. उघड्या पडलेल्या वाळूत खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोऱ्या दिसतात. त्यांवर समुद्री शेवाळाचे पीक असते आणि घोटाभर पाण्यात ओणवून ते काढणाऱ्या बहुतेक गावातल्या बायका असतात. हे दृश्य तासभर पाहत राहावे असेच आहे. पोहणे मात्र तेव्हा होत नाही. समुद्री साळूचे काटे पायात मोडतात म्हणून चालतानाही रबरी बूट हवेत. अमावास्या-पौर्णिमेला ऐन ओहोटी साधारण सकाळी दहाच्या सुमारास येते आणि पुढे रोज पाऊणएक तासाने सरकते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक बराच कमी होतो. म्हणजे तारखा ठरवताना भिंतीवरचे कॅलेंडरही कामाला येते. दिवसभर पोहायचेच असेल तर उत्तरेचे नुंग्वी किंवा केंड्वा बरे. तिथे पाणी फार मागे जात नाही, पण वर्दळ जास्त.

दुसरी गोष्ट वारा. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा ‘कास्काझी’ वाहतो. कच्छ आणि अरबस्तानातली गलबते शतकानुशतके याच वाऱ्यावर इथे येत आणि ‘कुसी’ सुरू झाला की परतत. जून ते सप्टेंबरचा हा आग्नेयेचा कुसी हवा कोरडी, सुखद ठेवतो, पण पाजेला इतका जोरकस असतो की पतंगाच्या ओढीने लाटांवर धावणारे खेळाडू मुद्दाम तेव्हाच येतात. एप्रिल-मे धो धो पावसाचे. तेव्हा भाडे उतरते आणि काही ठिकाणे बंदच असतात.

भाड्यात काय धरले आहे, हे लेखी घ्यावे: स्वयंपाक्याचा पगार, बाजारहाट, जनरेटरचे डिझेल, पिण्याचे पाणी. बेट प्रवाळाच्या खडकाचे असल्याने किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ लागते. वीज मुख्य भूमीवरून समुद्राखालच्या केबलने येते, ती गेली तर पर्यायी सोय असलेली बरी. शाकाहारी असल्यास आधी कळवावे. नारळाच्या दुधातला राजमा, कसावा, हिरवी केळी हे तिथले रोजचेच जेवण आहे.

बंगला खासगी असला तरी समोरची वाळू गावाची. कोळी, शेवाळवाल्या बायका आणि शाळेची मुले तिथून जाणारच, आणि तो त्यांचा हक्क आहे. वस्ती मुख्यतः मुस्लिम असल्याने गावात जाताना खांदे-गुडघे झाकावेत. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणे-पिणे टाळावे.

कागदपत्रांत टांझानियाचा व्हिसा येतो. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारच्या सरकारी विमा महामंडळाचा 44 डॉलरचा प्रवास विमा सक्तीचा आहे. वाटेत केनियात मुक्काम असेल तर भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना त्याच वेळी विचारावे. 2019 पासून टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी असल्याने सामान कापडी पिशव्यांत भरावे.